फायनलला तेच दोन देश, मग बघायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. महिलांच्या आइस हॉकी वर्ल्ड चॅम्पियनशिपचा विषय काढला की हा प्रश्न येतोच, की दरवेळी कॅनडा आणि अमेरिकाच फायनलला असतात तर तुला त्यात एवढं काय दिसतं?

असतात, खरंय. 1990 ला ओटावात पहिली स्पर्धा झाली तेव्हापासून एक अपवाद सोडला तर हेच चाललंय. पण निकाल ठरलेला नसतो हो! पहिल्या आठ स्पर्धा कॅनडाने ओळीने जिंकल्या, मग 2005 ला अमेरिकेने शूटआउटमध्ये (बरोबरी सुटली नाही की एकेकीने गोलकीपरसमोर गोल मारायचा, त्यात) त्यांना हरवलं आणि तिथून सगळं बदललं, 2017 ची फायनल ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळेत गेली, 2025 चीही. 2017 ला तर अमेरिकेच्या मुली मानधन आणि सोयींसाठी स्वतःच्याच देशात होणाऱ्या स्पर्धेवर बहिष्कार टाकायला निघाल्या होत्या, अगदी तोंडावर करार झाला आणि मग गोल्डही घेतलं. मला त्या गोल्डपेक्षा तो करार मोठा वाटतो.

पण एकच मॅच बघायची असेल तर 2019 ची एस्पोची फायनल बघा. फिनलंडने घरच्या प्रेक्षकांसमोर सेमीफायनलला कॅनडाला 4-2 ने हरवलं होतं, म्हणजे पहिल्यांदाच तिसरा कोणीतरी फायनलला. समोर अमेरिका. 1-1, ओव्हरटाइम, आणि पेत्रा निएमिनेनने गोल मारला, मुली ग्लोव्ह्ज-स्टिका फेकून एकमेकींच्या अंगावर पडल्या, झालं, फिनलंड वर्ल्ड चॅम्पियन! मग रेफ्री व्हिडिओ बघायला गेले ते कितीतरी वेळ बघतच राहिले, आणि अमेरिकेच्या गोलीला, म्हणजे गोलकीपरला, अडथळा झाला म्हणून गोल रद्द. त्यात कमाल म्हणजे त्याच झटापटीत पाय अडकवल्याची पेनल्टी मिळाली ती अमेरिकेच्या गोलीला. मग अडथळा नक्की कोणी कोणाला केला? माझ्या मते तो गोलच होता, आजही. शेवटी शूटआउटमध्ये अमेरिका जिंकली.

पुढचा तिसरा देश कोण, ते बघायला मी बसते. माझा अंदाज चेकिया, म्हणजे चेक प्रजासत्ताक. 2022 आणि 2023 ला सलग ब्राँझ, त्याआधी एकही मेडल नव्हतं त्यांना, आणि दोन्ही वेळा कोच होती कार्ला मॅक्लाउड, जी स्वतः कॅनडाकडून दोनदा ऑलिम्पिक गोल्ड जिंकलीय.