कढीलिंब आणि त्याचे सोयरे

आई कढीलिंब म्हणायची, मावशी गोडलिंब. मंडईत कढीपत्ता म्हटलं की काम भागतं. तर या झाडाच्या नावात 'लिंब' आलं ते पानांच्या तोंडवळ्यामुळे. पानं कडुलिंबासारखी दिसतात. तमिळमध्ये करिवेप्पिलै, त्यातलं वेप्पिलै म्हणजेही कडुलिंबाचं पान. नातं मात्र दिसण्यापुरतंच, कारण कूळ निघालं लिंबू-संत्र्याचं.

मला हे पुस्तकातून नाही, अळ्यांमुळे कळलं. गॅलरीतल्या कुंडीतल्या रोपावर एकदा पक्ष्याची शीट पडल्यासारखं दिसलं. पुसायला गेले तर ती चालायला लागली! आठवड्याभरात तिची गुबगुबीत हिरवी अळी झाली आणि रोपाच्या नुसत्या काड्या उरल्या. काडीने डिवचलं, तर डोक्यामागून दुभंगलेलं नारिंगी शिंग बाहेर काढून तिने असा उग्र वास सोडला की मीच मागे सरले. हिचं पुढे लिंबाळी फुलपाखरू होतं. लिंबू-संत्र्याच्या झाडावर अंडी घालणारी ही बाई कढीलिंबावरही हक्काने घालते. सोयरीक तिला आधीच ठाऊक.

मग मी एक पान उजेडासमोर धरून पाहिलं. आत सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके. लिंबू-संत्र्याच्या पानातही असेच असतात. या तेलाच्या पिशव्या, सगळा वास इथेच. म्हणून तर पान गरम तेलात पडलं की फोडणी घरभर घमघमते. (पानं पुसून घाला, ओली टाकली तर तेल हातावर उडतं, हा अनुभव.) ताकात घालायची तर मिठाबरोबर चुरडून, नाहीतर ती नुसती तरंगत बसतात. सुकली की वास निम्मा जातो, म्हणून डब्यात साठवलेल्या कढीपत्त्यावर माझा विश्वास नाही.

एवढं करून पोह्यांच्या बशीत तो कडेलाच सारला जातो. आईने यावर उपाय काढला होता: पानं कुरकुरीत परतायची आणि सुकं खोबरं, तीळ, लसूण, मिरची घालून कुटायची. चटणीतून वेचून कोण काय काढणार?

खोबरेल तेलात पानं उकळून केसांना लावायचाही आमच्याकडे रिवाज होता. केस गळायचे ते गळलेच, पण उशीला दोन दिवस कढीचा वास यायचा.

उरलेलं आंबट ताक मी अजून कुंडीत ओतते. काड्यांना पुन्हा पालवी फुटली आहे. काल एक लिंबाळी कठड्यावर घिरट्या घालत होती.