तुम्ही विचारलंत म्हणून: बॉन्डबद्दल माझं मत का फिरलं

इंदुरात रामबागेत भेटा, राजेंद्रनगरात भेटा, मुंजीच्या पंगतीत भेटा, प्रश्न तोच येतो. ‘काका, २०१७ साली तुम्हीच सांगत होतात ना, की निवडणूक बॉन्ड आले म्हणजे पक्षांचा काळा पैसा बंद होईल? मग आता त्यांच्यावर एवढा राग का?’ आणि त्यामागोमाग दुसरा: ‘कंपन्या देणार, पक्ष घेणार, आपण हे सगळं जाणून करायचं काय?’ दर वेळी घाईत दोन वाक्यं बोलतो आणि दर वेळी समोरच्याला वाटतं की काकांनी पक्ष बदलला. पक्ष बदललेला नाही. आज सविस्तर लिहितो.

होय, मी निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे बॉन्डच्या, बाजूने बोलत होतो. रोखा म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचा कागद, त्यावर देणाऱ्याचं नाव नाही. तेव्हाचा हिशेब असा होता: वीस हजारांपर्यंतच्या देणगीदाराचं नाव पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यावं लागत नव्हतं. त्यामुळे मोठी रक्कम छोट्या छोट्या पावत्यांत फोडली की नावं संपली. रोख पैसा, पावतीबुकं, बाकी काही नाही. त्यापेक्षा स्टेट बँकेच्या शाखेत जायचं, केवायसी करायचं, खात्यातून पैसे वळते करायचे आणि रोखा घ्यायचा, हे ताळेबंद वाचण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बरं वाटणारच. पैसा बँकेतून गेला म्हणजे माग राहिला, असं मी म्हणायचो. वाक्य खरं होतं. माग राहिला तो कुणापाशी, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही.

आणि रोख्याचा कागद बघत बसल्यामुळे त्याच्याबरोबर काय काय बदललं तेही नीट वाचलं नाही. २०१७च्या वित्त कायद्याने कंपनी कायद्याच्या कलम १८२मधली मर्यादा काढली. आधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत होती. समजा नफा दोन, तीन आणि चार कोटी. सरासरी तीन कोटी, तर देणगी जास्तीत जास्त साडेबावीस लाख. मर्यादा गेल्यावर तीच कंपनी तीस कोटी देऊ शकत होती, आणि तोट्यातली कंपनीसुद्धा देऊ शकत होती. तोट्यातल्या कंपनीकडे देण्याजोगे कोट्यवधी येतात कुठून? हा प्रश्न हिशेबाच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारेल. शिवाय कोणत्या पक्षाला दिले, हे कंपनीने ताळेबंदात सांगण्याची अटही गेली. म्हणजे भागधारकालाही कळणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९सी बदलून रोख्यातून आलेल्या देणग्या आयोगाला द्यायच्या अहवालातून वगळल्या. रिझर्व्ह बँकेने आक्षेप घेतला होता. निवडणूक आयोगानेही मे २०१७मध्ये कायदा मंत्रालयाला लेखी कळवलं होतं. इतकं सगळं समोर असताना मी केवायसीचं कौतुक करत होतो, हे मान्य करतो.

योजना २ जानेवारी २०१८ला अधिसूचित झाली. एक हजार, दहा हजार, एक लाख, दहा लाख आणि एक कोटी अशा पाच किमतींचे रोखे. मुदत पंधरा दिवसांची, त्यात वटवला नाही तर रक्कम पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत. विक्री जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये दहा-दहा दिवस. रोखे ठरलेल्या शाखांतच मिळायचे. आपल्या प्रांतात भोपाळला, इंदूरला नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये नियम बदलून विधानसभा निवडणुकीच्या वर्षात आणखी पंधरा दिवसांची सोय झाली. आपल्याकडे १७ नोव्हेंबर २०२३ला मतदान झालं ते आठवा. रोख्यांची खिडकी ६ ते २० नोव्हेंबर उघडी होती. आपण मत देत होतो त्याच दिवशी रोखे विकत मिळत होते, आणि मत देणाऱ्याला कुणाचा पैसा कुणाकडे चाललाय हे कळायची काही सोय नव्हती.

रोखा गुप्त होता, पण सगळ्यांपासून नाही. पत्रकार पूनम अग्रवाल यांनी २०१८मध्ये एक-एक हजाराचे दोन रोखे विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक अतिनील प्रकाशात दिसला. योजनेच्या कलमातच लिहिलेलं होतं की न्यायालयाने मागितलं किंवा तपास यंत्रणेने गुन्हा नोंदवला तर माहिती द्यायची. बँक सरकारी, यंत्रणा सरकारी. माझ्या लाडक्या मागाचं टोक कुणाच्या हातात होतं ते इथे कळतं.

आता मार्च २०२४. माझं मत तिथे पक्कं फिरलं, म्हणून जरा थांबून सांगतो.

१५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली, साडेसात टक्क्यांची मर्यादा परत आणली, आणि स्टेट बँकेला सांगितलं की १२ एप्रिल २०१९पासूनची माहिती ६ मार्चपर्यंत आयोगाला द्या. दोन दिवस उरलेले असताना, ४ मार्चला, बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण दिलं ते असं: २२,२१७ रोखे आहेत, घेणाऱ्यांची माहिती एका जागी आणि वटवणाऱ्यांची दुसऱ्या जागी आहे, दोन्ही बंद पाकिटांत मुंबईच्या मुख्य शाखेत आहेत, म्हणजे ४४,४३४ नोंदी पडताळाव्या लागतील. ज्याने हिशेब तपासलेत त्याला हे वाचून काय वाटेल? वटवलेला प्रत्येक कागद खरा की खोटा हे बँकेने तेव्हाच तपासलं असणार, त्याशिवाय पैसे दिलेच नसते. म्हणजे जुळणीची किल्ली बँकेकडे होतीच. आणि ३० जूनपर्यंत लोकसभेची निवडणूक होऊन गेली असती.

११ मार्चला न्यायालयाने अर्ज फेटाळला. १४ तारखेला आयोगाने दोन याद्या टाकल्या, एक ३३७ पानांची, दुसरी ४२६ पानांची. पहिलीत तारीख, घेणाऱ्याचं नाव, रक्कम. दुसरीत तारीख, पक्षाचं नाव, रक्कम. मधला दुवा नाही. सातशे त्रेसष्ट पानं हातात, आणि कोणी कोणाला दिलं हे एकाही ओळीवरून सांगता येत नाही. मी त्या रात्री एक-एक कोटीच्या ओळी तारखेवरून जुळवायचा प्रयत्न केला. व्यर्थ होता. एकाच दिवशी सारख्याच रकमेचे पन्नास रोखे असतील तर तारीख काय सांगणार? न्यायालयाने पुन्हा बजावलं, तेव्हा २१ मार्चला क्रमांक आले.

आणि क्रमांक आल्यावर दोन याद्या कशा जुळतात ते ऐका, कारण पुष्कळांनी ते चुकीचं केलं. रोख्याची ओळख दोन भागांची आहे: आधी किमतीची अक्षरं, मग आकडा. एक कोटीला ‘ओसी’, दहा लाखांना ‘टीएल’, एक लाखाला ‘ओएल’, दहा हजारांना ‘टीटी’, एक हजाराला ‘ओटी’. नुसता आकडा धरला तर एक कोटीचा आणि एक लाखाचा रोखा एकाच क्रमांकाचे निघतात आणि भलत्याच कंपनीचा पैसा भलत्याच पक्षाच्या नावावर लागतो. म्हणून आधी अक्षरं आणि आकडा जोडून एकच किल्ली करायची, दोन्ही याद्यांत ती किल्ली मजकूर म्हणून ठेवायची, मग शोधायचं. एकाच कंपनीची नावं दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात, ती आधी एक करायची, नाहीतर बेरीज तुटते. आणि वटवलेली रक्कम, सुमारे १२,७६९ कोटी, विकलेल्या सुमारे १२,१५५ कोटींपेक्षा जास्त दिसली तर घाबरायचं नाही: १२ एप्रिल २०१९च्या आधी घेतलेले काही रोखे नंतर वटले, त्यांचे घेणारे यादीतच नाहीत. योजनेच्या पहिल्या वर्षभरातल्या घेणाऱ्यांची नावं आजही तुमच्या-माझ्यासमोर नाहीत.

जुळलं तेव्हा पहिल्यांदा देणाऱ्याच्या नावासमोर घेणाऱ्याचं नाव आलं. सगळ्यांत मोठी देणगीदार फ्यूचर गेमिंग ही लॉटरीची कंपनी, १,३६८ कोटींची. भाजपला सुमारे ६,०६० कोटी, तृणमूलला १,६०९, काँग्रेसला १,४२१. मी एका पक्षाविरुद्ध बोलतो म्हणणाऱ्यांनी हे तिन्ही आकडे वाचावेत. एकूण रकमेतला बहुतेक सगळा हिस्सा एक कोटीच्या रोख्यांचा होता. हजाराचा रोखा सामान्य माणसासाठी ठेवलाय असं मीच लोकांना सांगायचो. ते सांगणं मी मागे घेतो.

इथे मला अडवणारे म्हणतात, धाड पडली आणि मग रोखा घेतला, ठेका मिळाला आणि रोखा घेतला, एवढ्या तारखा जुळल्या, तरी तुम्ही लाच म्हणायला कचरता. हो, कचरतो. तारखेशेजारी तारीख ठेवणं हा प्रश्न आहे, पुरावा नाही. विशेष पथकाकडून चौकशीची मागणी न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ला फेटाळली आणि ते प्रश्न तसेच राहिले. पण प्रश्न विचारता येणं आणि विचारताच न येणं यांतला फरक मी मार्चच्या त्या सात दिवसांत, १४ ते २१, पाहिला. याद्या त्याच होत्या. एका क्रमांकाचा फरक होता.

‘मग रद्द झाले ना? आता काय?’ पैसा निवडणूक ट्रस्टकडे वळला. २०१३च्या योजनेप्रमाणे ट्रस्टला वर्षात मिळालेल्या देणग्यांपैकी किमान ९५ टक्के त्याच वर्षी पक्षांना वाटावे लागतात, रोख घेता येत नाही, देणारे आणि घेणारे दोन्ही आयोगाला कळवावे लागतात. रोख्यांपेक्षा हे चांगलं. पण एका ट्रस्टमध्ये वीस कंपन्यांनी टाकले आणि चार पक्षांना वाटले, की कोणाचे कोणाकडे गेले ते पुन्हा धूसर. एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णवच्या देणगीचं नावही अजून सांगावं लागत नाही. आयकर कायद्यात रोख देणगीची मर्यादा दोन हजार केली, पण नाव सांगण्याची मर्यादा वीस हजारच राहिली. या दोन आकड्यांमधून किती पैसा जातो ते मोजायचं साधनच नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: आपण करायचं काय. मी सांगतो ते फार थोड्यांनी केलंय. निकालानंतर तीस दिवसांत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. इंदूरपुरतं म्हणजे मोती तबेल्याला, कलेक्टर कचेरीत. एक रुपया शुल्क भरून कोणताही नागरिक तो बघू शकतो. उमेदवाराच्या हिशेबवहीत पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. निवडणुकीसाठी वेगळं खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडावं लागतं, आणि एका माणसाला पूर्ण प्रचारात दहा हजारांवर रोख देता येत नाही. तेव्हा गुलाबी पानांवर एकाच मंडपवाल्याचं नाव थोडं बदलून पुन्हा पुन्हा येतं का ते आधी बघा. मग सभांच्या तारखा बघा. मोठ्या प्रचारकाच्या मंचावर उमेदवार बसला किंवा त्याचा फोटो लागला, तर सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या खात्यात यायला हवा. तुम्ही स्वतः ज्या सभेला होतात ती वहीत नसेल तर लेखी कळवा. प्रचार चालू असताना वाटावाटी दिसली तर सी-व्हिजिल ॲपवरून तिथल्या तिथे काढलेला फोटो पाठवता येतो. फोनमध्ये आधीपासून असलेला चालत नाही.

आणि इथेच माझी अडचण आहे, ती लपवत नाही. हा सगळा खटाटोप उमेदवाराच्या मर्यादेचा: विधानसभेला चाळीस लाख, लोकसभेला पंचाण्णव लाख. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. वही अगदी बरोबर असू शकते आणि तरी शहरभर लागलेला पैसा तिच्यात नसू शकतो. १९७४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्षाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायला सांगितलं होतं. त्याच वर्षी अध्यादेश काढून तो निकाल निष्प्रभ केला गेला.

मग काय, कंपन्यांच्या देणग्या बंद करायच्या? माझा मेहुणा हेच म्हणतो. १९६९मध्ये केल्या होत्या, १९८५मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि मधल्या काळात कंपन्यांनी देणं थांबवलं नाही, फक्त पाकिटातून दिलं. १९५७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी टाटा स्टीलला पक्षांना देणग्या द्यायची परवानगी देताना संसदेला बजावलं होतं, की हा पैसा पुढे लोकशाहीचाच गळा दाबू शकतो. सत्तर वर्षं होत आली. बंदीही करून पाहिली आणि मुभाही देऊन पाहिली. मेहुण्याला मी ‘बंदी नको, नावं हवीत’ असं ठासून सांगतो, आणि घरी आल्यावर तेवढा ठाम नसतो.

कारण आपल्या शहरातली २०२४ची लोकसभा निवडणूक. अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि तो भाजपमध्ये गेला. भाजपच्याच, इंदूरच्या माजी खासदार सुमित्राताई महाजनांनीही जाहीरपणे आश्चर्य व्यक्त केलं होतं. त्यात पैसा होता असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही. ज्या इंदुरातून १९६२ साली मिलकामगारांचे पुढारी होमी दाजी लोकसभेवर गेले, तिथे १३ मेला लोक मशीनपुढे उभे राहिले आणि २,१८,६७४ जणांनी ‘नोटा’, म्हणजे ‘यांपैकी कोणीही नाही’ हे बटण, दाबलं. कायद्याच्या हिशेबात त्या मतांनी निकालावर काही होत नाही. सगळी नावं, सगळे क्रमांक, सगळी गुलाबी पानं उघडी असती तरी त्या दिवशी त्या माणसांना काय मिळालं असतं, हे मला कुणी विचारलं तर मी गप्प बसतो. २०१७चा मी असतो तर लगेच काहीतरी बोललो असतो.