आमची वाटचाल : विक्री वेगळी, वसुली वेगळी

सांगलीत आम्ही कांदा-लसूण चटणी, हळद पावडर आणि मिरची पूड करून विकतो. सुरवात आईंनी केली, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. मार्च ते मे आपल्याकडं घरोघरी वर्षाची चटणी होते ना, तेव्हा गल्लीतल्या बायकांना मिरची निवडून, वाळवून, भाजून कांडप करून द्यायच्या, मजुरीवर. मग नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं तयार चटणीच मागायला लागली आणि त्यातनं धंदा उभा राहिला. हळद तर मार्केट यार्डात हाताशी, 2018 ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून बाहेरचं गिऱ्हाईक गावाचं नाव घेऊन मागतं.

चव आईंची, त्यात माझं काही नाही. मी बी.कॉम. म्हणून लग्नानंतर वही माझ्याकडं आली आणि आमच्या वाटचालीत मला सगळ्यात जास्त जीव लावावा वाटला तो या वहीलाच, म्हणून लिहितेय ते तिच्याबद्दल. नवीन धंदा काढलेल्या बायका विचारतात पण खूप, की विक्रीचा हिशोब नेमका ठेवायचा कसा.

आईंची वही साधी होती. तारीख, नाव, किलो, रक्कम, पैसे आले की पुढं बरोबरची खूण. घरगुती गिऱ्हाइकाला तेवढं पुरायचं. पण तासगाव, विटा, पलूसची किराणा दुकानं जोडली गेली आणि तिथं पैसे एकदम येत नाहीत, आज पाच हजार, दिवाळीनंतर दोन, मधेच दोन पाकिटं फुटली म्हणून परत. अशा व्यवहाराला खूण कुठं करणार? म्हणून मी तीन वह्या केल्या. विक्री वही, त्यात फक्त गेलेला माल. खतावणी, त्यात प्रत्येक पार्टीचं, म्हणजे माल घेणाऱ्या दुकानाचं, एक पान. आणि रोजमेळ, त्यात आलेला-गेलेला पैसा. माल गेला त्या दिवशी विक्री, पैसा येईल त्या दिवशी वसुली, दोन्ही एका रकान्यात कधीच लिहायच्या नाहीत, एवढा एकच नियम आहे आणि बाकी सगळं त्यातनंच निघतं.

एक व्यवहार पूर्ण दाखवते. विट्याच्या दुकानाला 20 किलो चटणी दिली, 400 रुपये किलोनं. 8,000 झाले, त्यावर 5 टक्के जीएसटी 400, बिल 8,400 चं. विक्री वहीत विक्री 8,000 च, 400 सरकारचे, ते वेगळ्या रकान्यात, कारण ते आपले नाहीतच, आपल्या हातातनं फक्त जाणार आहेत. खतावणीत विट्याच्या पानावर 8,400 नावे, म्हणजे त्यांच्याकडनं येणं. आठवड्यानं 2 किलो परत आलं तर बिलावर खाडाखोड करायची नाही, 840 ची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढं बिल कमी केल्याची चिठ्ठी, करायची, विक्री 800 नं कमी, कर 40 नं कमी, पार्टीकडं राहिले 7,560. मग त्यांनी 5,000 यूपीआयनं पाठवले की ते रोजमेळात आणि त्यांच्या पानावर जमा, येणं 2,560. विक्री वहीत या पाच हजाराचं नाव पण येत नाही. दुकानदाराचा फोन आला की पान उघडायचं आणि बिल नंबर, तारखेसकट सांगायचं, वादच होत नाही.

आता हे इतकं कशाला असं वाटेल, पण कर बिलावर लागतो, वसुलीवर नाही. दुकानदार दोन महिन्यांनी पैसे देणार असला तरी माल दिलेल्या महिन्याचा कर आपल्याला भरावाच लागतो, आणि पैसे बुडाले तरी तो कर परत मिळत नाही. उलाढाल 5 कोटीपर्यंत असेल तर तीन महिन्यांनी रिटर्न भरायची सोय आहे, आम्ही तीच घेतलीय, पण पहिल्या दोन महिन्यांच्या कराचे पैसे त्या-त्या महिन्याच्या पुढच्या महिन्यात 25 तारखेपर्यंत भरावेच लागतात. म्हणून उधारी देताना मी बघते की या महिन्यात कर किती जाणार आणि त्याआधी हातात काय येणार. आणि दिवाळीच्या ऑर्डरचा ऍडव्हान्स येतो तो विक्री धरायचा नाही, ते गिऱ्हाइकाचे आपल्याकडं ठेवलेले पैसे, मालावर जीएसटी ऍडव्हान्सला लागत नाही, बिल फाडलं की लागतो.

काउंटरचं वेगळं. तिथं रोख आणि क्यूआर दोन्ही चालतं आणि संध्याकाळी गल्ला मोजून "आज एवढी विक्री झाली" असं म्हणायची सगळ्यांना सवय असते, पण गल्ल्यात विक्रीशिवाय बरंच काही असतं. समजा सकाळी सुट्टे 1,000 ठेवले, संध्याकाळी 6,450 निघाले, मधे टेम्पोवाल्याला 350 दिले. म्हणजे दिवसभरात रोख आली 5,800. पण त्यातले 1,500 पलूसच्या दुकानदारानं जुन्या बिलाचे आणून दिलेत, मग रोख विक्री 4,300 च. हे रोजच्या रोज करावं लागतं, दुसऱ्या दिवशी ते 1,500 कुणाचे हे कुणालाच आठवत नाही. यूपीआयचं पण तसंच, मोबाईलवरचा दिवसाचा आकडा बँकेत जमा झालेल्या आकड्याशी ताडून बघायचा, आणि धंद्याचं खातं वेगळंच पाहिजे, घरातल्या लाईटबिलाचे पैसे त्यातनं गेले की ताळाच लागत नाही.

छोटी पाकिटं घेणारं गिऱ्हाईक बिल मागत नाही. 200 रुपयांच्या आतली अशी विक्री असेल, घेणारा जीएसटी नोंदणी नसलेला असेल आणि बिल नको म्हणत असेल, तर दिवसाअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल केलं तरी चालतं. एमआरपीत कर धरलेला असतो तो पण नीट काढायचा. 210 च्या पाकिटात कर 10 रुपये, साडेदहा नाही, कारण मूळ किंमत 200 आहे. 210 चे 5 टक्के काढणारे खूप बघितलेत. बिल नंबर 1 एप्रिलला नव्यानं सुरू, मधला नंबर गाळायचा नाही, रद्द झालेलं बिल फाडून टाकायचं नाही, आडवी रेघ मारून दोन्ही प्रती बुकातच ठेवायच्या.

रीतसर जीएसटी आम्ही अथणी आणि कागवाडच्या दुकानांमुळं घेतला. मिरजेपासनं ती गावं काही लांब नाहीत, बोली-चालीनं घरचीच माणसं, पण कागदावर कर्नाटक. आमची उलाढाल 40 लाखांच्या आतच होती, गावात विकायला जीएसटी नंबर लागत नव्हता, पण राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही असो नोंदणी लागते. एक टक्क्याची कंपोझिशन, म्हणजे छोट्या धंद्याला उलाढालीवर सरसकट कर भरायची सोय, घ्या असं पण बऱ्याच जणांनी सुचवलं, त्यात कागद कमी, पण त्यात बाहेरच्या राज्यात माल देताच येत नाही आणि दुकानदाराला आपल्या बिलावर कराचं क्रेडिट, म्हणजे त्याच्या करातनं वजावट, पण मिळत नाही. म्हणून नेहमीचीच घेतली. विट्याच्या बिलावर केंद्राचा सीजीएसटी 200 आणि राज्याचा एसजीएसटी 200, अथणीला तोच माल गेला तर दोन राज्यांमधल्या विक्रीचा आयजीएसटी 400, वहीत रकाने तेवढे वाढवले.

2019 च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी गावभागात, बाजारपेठेत शिरलं तेव्हा आमचा माल भिजला, पण वह्या घरी वरच्या मजल्यावर होत्या. ज्या दुकानांकडं येणं होतं त्यातल्या काहींचे स्वतःचे कागदसुद्धा राहिले नव्हते. पाणी ओसरल्यावर मी प्रत्येकाला त्याच्या पानाचा फोटो पाठवला, सावकाश द्या म्हणून, आणि लोकांनी आमच्या पानावर विश्वास ठेवून दिले. त्या वेळी जी माणसं जोडली गेली ती अजून आमचाच माल घेतात. मला त्याचं फार मोल वाटतं.

आता बिलं कॉम्प्युटरवर होतात, खतावणी आपोआप तयार होते, पण गल्ल्याचा कागद रोज हातानंच. 31 मार्चला सगळ्या पार्ट्यांना खातेउतारा जातो, त्यांचा आकडा वेगळा आला तर दोन्ही बाजूची बिलं काढून तिथल्या तिथं मिटवायचं, नवीन वर्षात ओढायचं नाही. जुनी बिलं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासनं निदान सहा वर्षं ठेवायची आहेत, त्यासाठी यांनी माळ्यावर पत्र्याची पेटी करून घेतलीय. सध्या हायवेवरच्या हॉटेलांत पाकिटं विक्रीला ठेवायचं चाललंय, तिथं माल ठेवला म्हणून विक्री होत नाही, आधी चलनावर, म्हणजे नुसत्या माल दिल्याच्या कागदावर, द्यायचा आणि खपला की बिल, न खपलेल्याचं पण सहा महिन्यांच्या आत एकतर बिल करायचं नाहीतर माल परत आणायचा, तर त्याची चौथी वही पुतणीनं या महिन्यात घातलीय.