खोडा चार पावलांवर होता

आज सकाळी वेणी घालायला हात मागे नेला, तर डावा हात खांद्याच्या रेषेपाशीच अडला. रेवाने काही न विचारता माझ्या हातातला कंगवा घेतला आणि वेणी घातली. तिने विचारले असते तर बरे झाले असते.

कारण मला ठाऊक आहे. मी पशुवैद्यक; कालच्या गाई-म्हशींच्या वंध्यत्व निवारण शिबिरात ३८ जनावरे मी एकाच हाताने तपासली. गर्भाशय चाचपायला हात गुदमार्गातून खांद्यापर्यंत आत असताना म्हैस जोर करते, तेव्हा मनगट तिच्या कटीच्या हाडावर दाबले जाते आणि बोटे बधिर होतात. अशा वेळी झुंजू नये, हात सैल सोडून कळ ओसरू द्यावी, पायाखाली फळी घेऊन खांदा फार वर उचलावा लागणार नाही असे उभे राहावे, मधूनमधून हात बदलावा, हे सारे नव्या मुलांना मीच सांगते. काल पशुपालक मामांनी विचारले होते, "मॅडम, खोड्यात घालू का हिला?" जनावर जखडून उभे करायची ती चौकट, खोडा, चार पावलांवर होता. मी म्हणाले, "नको, कासरा आवळून धरा नुसता."

हे 'नको' दिवसभर मनातून जात नाही. पहिल्या नेमणुकीच्या गावात "बाईमाणसाला झेपेल का?" असे दारोदार ऐकले होते, तेव्हापासून मदत घेणे म्हणजे त्या लोकांचे म्हणणे खरे करणे, अशी गाठ मनात बसली असावी. पण ज्यांनी कधी माझ्या कामावर शंका घेतली नाही, त्या मामांनाही मी 'नको' का म्हणाले?

दुपारी त्यांच्याकडेच पुन्हा गेले. गाय खोड्यात घ्यायला सांगितली, फळी मागितली आणि उजव्या हातात मोजा चढवला. माझे डोळे डाव्या बोटांत आहेत, हे तेव्हा नीट उमगले. उजवा हात आत अगदी आंधळा होता. मामा शेपटी धरून शांतपणे उभे राहिले. त्यांना घाई नव्हती, मग मलाही राहिली नाही. बऱ्याच वेळाने बदामाएवढा एक बीजांडकोश बोटांखाली आला. दुसरा सापडला नाही. उद्या पुन्हा येते, असे सांगून निघाले.