पटवण्याचे ४० मार्क

दुपारची जेवणं आटोपली आणि लेक टेबलावर दोन उतारे पसरून बसली. इंग्लंडातली दहावी म्हणजे जीसीएसई, बोर्ड एक्यूए, इंग्रजी भाषेचा दुसरा पेपर. एक उतारा एकोणिसाव्या शतकातला, दुसरा अलीकडचा. एकाच विषयाकडे दोन लेखक कसे बघतात, याची तुलना करायची. १६ मार्क.

"मग बरोबर कोणाचं?" मी विचारलं.

"आई, ते विचारतच नाहीत!"

हे काही मला झेपत नाही. दोन साड्या असोत नाहीतर दोन डॉक्टर, शेजारीशेजारी आले की मी एकाची बाजू घेऊन मोकळी होते. इथे 'याउलट', 'त्याचप्रमाणे' करत पानभर जायचं आणि निकाल राखूनच ठेवायचा!

पाचव्या प्रश्नात मात्र स्वतःचं मत हवं. लेख, पत्र, नाहीतर भाषण. पेपर ८० मार्कांचा, त्यातले ४० याचेच. त्यासाठी मुलांनी सूत्र पाठ केलेलं असतं: अनुप्रास, तथ्य, मत, उत्तर नको असलेले प्रश्न, भावनेला हात घालणारे शब्द, आकडेवारी आणि एकापाठोपाठ तीन-तीन शब्द किंवा मुद्दे.

"परीक्षेत आकडेवारी कुठून आणणार गं?"

"बनवायची. ८७ टक्के लिहायचं. ९० लिहिलं की खोटं वाटतं."

पोरगी पुढे राजकारणात जाईल की जाहिरातीत, एवढंच बघायचं.

आमच्या वक्तृत्व स्पर्धेत आकडे नसायचे, आवाज असायचा. 'विज्ञान : शाप की वरदान?' भाषण बाबा लिहून द्यायचे आणि हात कोणत्या वाक्याला वर न्यायचा ते आई पोळ्या लाटता लाटता सांगायची. एका वर्षी माझ्या वाट्याला शाप आला, पुढच्या वर्षी वरदान. 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग' तेच, हिरोशिमाही तेच. फक्त पहिल्या वर्षी ते शेवटी होतं, दुसऱ्या वर्षी सुरुवातीलाच उरकून घेतलं. बक्षीस दोन्ही वेळा मिळालं. कोणाला काही पटलं का, ते परीक्षकांनीही विचारलं नाही.

संध्याकाळी लेकीनं सराव माझ्यावरच केला. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं होतं. तीन मुद्दे झाले, प्रश्न झाला, कुठल्याशा सर्वेक्षणाचे ८७ टक्केही आले. मी ढिम्म. मग सूत्राबाहेरचं एकच वाक्य आलं.

"बाबा हो म्हणालेत."

गेली.