झाडांच्या टाकीत पाणी फिरवायचं, पण आवाज न करता

झाडांची टाकी म्हणजे पाण्याखाली झाडं लावलेली काचेची माशांची टाकी; तिचं पाणी फिल्टरचा पंप फिरवतो. उदाहरणाला दोन फुटी टाकी घेऊ, ६० × ३० × ३६ सेंमीची. काठोकाठ भरली तर ६५ लिटर, पण सॉइल (तळाची माती), दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपास पाणी राहतं. झाडं दाट असतील तर हे पाणी तासाला सहा-सात वेळा फिरायला हवं, म्हणजे ३०० ते ३५० लिटर. फिल्टरच्या खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा मात्र तो रिकामा असतानाचा असतो. स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्या, होजला (पाण्याच्या नळीला) आतून बुळबुळीत थर धरला की तो सहज निम्म्यावर येतो. म्हणून ताशी ६००-७०० लिटरचा कॅनिस्टर (टाकीखाली कॅबिनेटमध्ये ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्या. जास्त वाटला तर बाहेर जाणाऱ्या होजवरचा कॉक थोडा बंद करा. आत येणाऱ्या बाजूचा कॉक कधीही आवळू नका. पंप ओढत राहतो, पाणी पुरत नाही, त्यातून हवा सुटते आणि फिल्टर खडखडतो.

खरा प्रवाह मोजायला ५ लिटरची बादली आणि मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. मात्र होजचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीलाच धरा. जमिनीवरच्या बादलीत सोडलंत तर सायफनची मदत मिळते आणि आकडा फुगतो. बादली भरायला ५० सेकंद लागली तर ५ × ३६०० ÷ ५०, म्हणजे ताशी ३६० लिटर. दर दोन महिन्यांनी हे केलं की फिल्टर कधी तुंबायला लागला ते झाडं पिवळी पडण्याआधी कळतं.

आता आवाज. एक गुणगुण सोडली, तर बाकीचे आवाज बहुतेक वेळा प्रवाह कुठे अडतोय तेच सांगत असतात. कॅनिस्टर कॅबिनेटमधून दोन्ही हातांनी इंचभर उचलून धरा. आवाज एकदम कमी झाला तर दोष पंपाचा नाही, कॅबिनेटचा आहे. पोकळ प्लायवूड डग्ग्यासारखं घुमतं. खाली जुन्या योगा मॅटचा दुहेरी तुकडा घाला आणि होज मागच्या फळीला टेकत नाहीत ना, ते बघा. उचलूनही खडखड तशीच राहिली तर दोष इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या पात्यांचा; ती शाफ्ट नावाच्या बारीक दांडीवर फिरतात. बोअरच्या पाण्याचे क्षार शाफ्टवर पांढरे साचतात. इम्पेलर आणि शाफ्ट काढून कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून अर्धा तास बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ धुऊन बसवा. शाफ्ट सिरॅमिकचा असेल तर जपून, बोटाच्या जोराने मोडतो. दोन्ही टोकांची रबरी बुचं सिंकमध्ये वाहून जाऊ देऊ नका, त्यांच्याशिवाय शाफ्ट थरथरतोच.

गुळगुळ आवाज म्हणजे हवा. फिल्टर नुकताच साफ केला असेल तर चालू असतानाच थोडा तिरका करून हलवा, बुडबुडे निघून जातात. दोन दिवसांनीही गुळगुळ येत असेल तर हवा कुठून तरी आत येतेय: झाकणाची ओ-रिंग, ओढणाऱ्या होजचा सांधा, किंवा इनलेटजवळ (फिल्टर टाकीतून पाणी ओढतो त्या तोंडाजवळ) लावलेला सीओटू डिफ्यूझर, म्हणजे झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचे बारीक बुडबुडे सोडणारं साधन. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसच लावा. व्हॅसलीनने काही प्रकारचं रबर फुगतं आणि मग झाकण बसतच नाही.

बाजारातली स्प्रे बार (फिल्टरचं पाणी टाकीत सोडणारी छिद्रांची नळी) बहुतेकदा फसफसते, म्हणून ती घरीच केलेली बरी. अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपचा २६ सेंमी तुकडा घ्या. बाहेरून तो जवळपास १६ मिमी, म्हणजे १६ मिमी आतल्या व्यासाचा होज त्यावर घट्ट बसतो. आतलं भोक साधारण १२ मिमी, क्षेत्रफळ ११३ चौ. मिमी. ३ मिमीच्या एका छिद्राचं ७ चौ. मिमी. म्हणून सोळा छिद्रं, दीड-दीड सेंमीवर, एका रेषेत. छिद्रं कमी पाडली तर पंप गुदमरतो आणि धारा सिसकारतात. फार जास्त पाडली तर पाणी नुसतं ओघळतं, पुढे जोर राहत नाही. ड्रिलने उठलेली कड पॉलिश पेपरने घासून टाका, निम्मा आवाज तिचाच असतो. टोकाची कॅप चिकटवू नका, दाबून बसवा, आतून ब्रश घालता येतो.

ही बार टाकीच्या आखूड बाजूला, पाण्याखाली दोन सेंमीवर लावा. छिद्रं समोर आणि किंचित वर. पृष्ठभाग थरथरला पाहिजे, फुटता कामा नये. तेवढ्याने वरची तेलकट साय मोडते आणि सीओटू फार उडत नाही. इनलेट त्याच बाजूला खाली. पाणी वरून पलीकडच्या काचेपर्यंत जातं, तिथे खाली वळतं आणि कार्पेटवरून (तळाला पसरलेल्या बुटक्या झाडांवरून) परत येतं. डिफ्यूझर त्या पलीकडच्या काचेशी तळाला ठेवा, म्हणजे खाली वळणारा प्रवाहच बुडबुडे झाडांमधून ओढून नेतो. ड्रॉप चेकर (सीओटूच्या प्रमाणानुसार रंग बदलणारी छोटी कुपी) मात्र डिफ्यूझरपासून सगळ्यात लांब. तिथे तो हिरवा असेल तर सीओटू सगळीकडे पुरेसा आहे. रंग बदलायला तास-दोन तास लागतात, तोवर सीओटूचा नॉब फिरवत बसू नका.

मृत कोपरे, म्हणजे प्रवाह न पोचणाऱ्या जागा, शोधायला फिल्टरचा स्पंज पिळून निघालेलं गढूळ पाणी सिरिंजमध्ये घ्या आणि लाकडामागे, कोपऱ्यात थेंबभर सोडा. ढग दहा-बारा सेकंदांत विरला तर ठीक. तिथेच रेंगाळला तर पुढे तिथे कुबट वासाची निळसर-हिरव्या शेवाळाची चादर धरण्याची शक्यता आहे. अशा वेळी मोठा पंप घेण्याआधी लाकूड काचेपासून तीन-चार सेंमी पुढे ओढून बघा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. पानं डुलली पाहिजेत, झोडपली जाता कामा नयेत. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस या पाणवनस्पतीला प्रवाहाचं वावडं नाही, ती कोकण-गोव्यातल्या ओढ्यांतलीच. फायटर मासा मात्र अशा टाकीत दमतो.

हँग-ऑन (टाकीच्या काठावर टांगायच्या) फिल्टरवाल्यांची अडचण उन्हाळ्यात. पंखा लावला की पाणी झपाट्याने आटतं, पातळी उतरते आणि धबधबा सुरू होतो. रोज पाणी घालायचा कंटाळा असेल तर फिल्टरच्या ओठापासून पाण्यापर्यंत स्पंजची उतरती पट्टी लावा, पाणी तिच्यावरून सरकत उतरतं. ३० अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन २५ अंशांपेक्षा कमी मावतो, तेव्हा मे महिन्यात दिवे बंद झाल्यावर थोडा जास्त खळखळाट चालू द्या. वीज जाऊन आल्यावर पहिल्या सेकंदात इम्पेलर खरखरतो, ते साहजिक आहे, तो कोणत्याही दिशेने सुरू होऊ शकतो. कॅनिस्टर बरेच तास बंद राहिला असेल तर मात्र चालू करण्याआधी उघडून वास घ्या. सडका आला तर आतलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा आणि मगच जोडा.