आमची वाटचाल : एका मिलिमीटरवर चालणारं दुकान

बर्मिंगहॅममधलं आमचं दुकान म्हणजे खरं तर एक खोली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा, सराफाकडे असतं तसं दहापटीचं भिंग, एक नाजूक वजनकाटा आणि भिंतीलगत लाकडी ट्रे. ट्रेमध्ये ब्रिटनची जुनी ब्राँझची नाणी : पेन्या, हाफपेनी (अर्धी पेनी), फार्दिंग (पाव पेनी). माणसं दोनच, मी आणि माझी बायको. गिऱ्हाईक आपली नाणी पाठवतं, त्यातली कुठली नेहमीची आणि कुठली दुर्मीळ ठशाची, हे आम्ही ओळखून लिहून देतो. काही विकत घेतो, काही विकतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरातल्या एका टूलरूममध्ये डाय (धातूवर आकार उठवणारा ठसा) आणि पंच करायला शिकलो. आमचे मिस्त्री एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे, जॉबवर दोष दिसला की जॉबकडे बघत बसू नकोस, डाय काढून बघ. पुढे याच कामावर इंग्लंडला आलो. काही वर्षांनी ती कंपनी बंद पडली. हातात थोडे पैसे आणि रिकामा वेळ. एका रविवारी कार बूट सेलमध्ये, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकण्याच्या बाजारात, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेतला, आत दोनेकशे काळपट पेन्या. इथल्या कितीतरी घरांत असे डबे पडून आहेत. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान पद्धत आली, त्याच ऑगस्टअखेर जुनी पेनी चलनातून गेली, आणि उरलेली नाणी लोकांनी डब्यात टाकून दिली.

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर १८६२ च्या दोन पेन्या शेजारी शेजारी ठेवल्या. राणी व्हिक्टोरिया तीच, मागची त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया (ब्रिटनचं स्त्रीरूपातलं प्रतीक) तीच, पण शेवटच्या दोन आकड्यांमधलं अंतर वेगळं. नाणी जमवणाऱ्याला हे कोडं वाटलं असतं. मला ते लगेच उमगलं, कारण मी स्वतः हातोडी मारून आकडे उठवलेले आहेत. त्या काळी मूळ पंचावरून कामाचे ठसे निघत, आणि सालातले शेवटचे आकडे कारागीर ठशावर हाताने ठोकत असे. हात जरा सरकला की आकडा सरकला. जुना ठसा वाया जाऊ नये म्हणून कधी एका आकड्यावर दुसरा आकडाही ठोकत. १८६५ च्या काही पेन्यांत ५ च्या खाली ३ डोकावतो, तो असा. अक्षर झिजलं की त्यावर पुन्हा पंच मारत, मग त्याला दुहेरी कड येते. नाण्यावर राणीचा चेहरा असतो, पण मला त्यात त्या कारागिराचा हात दिसला. आमच्या धंद्याची सुरुवात ती रात्र.

ब्राँझची नाणी १८६० मध्ये आली, त्याआधी तांब्याची होती. ९५ टक्के तांबं, ४ टक्के कथील, १ टक्का जस्त. पेनीचं वजन ९.४५ ग्रॅम. चित्रं लिओनार्ड वायन यांची. सगळ्या देशाचं तांबं बदलायचं म्हणजे ठसे भराभर लागणार, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत इतके प्रकार झाले की डोकं गरगरतं. सुरुवातीला नाण्याची कड मण्यांची होती, लगेच ती दातेरी केली. १८६० च्या काही मोजक्या पेन्यांवर एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दाते आहेत. नाण्यांचे अभ्यासक मायकल फ्रीमन यांनी या सगळ्याची वर्गवारी लावून दिली : छाप्याच्या ठशाला आकडा, काट्याच्या ठशाला अक्षर. १८६२ ची नेहमीची पेनी म्हणजे ६ + जी. आमची बायको आता 'सहा-जी' असं म्हणते तेव्हा बाजूला बसलेल्याला ती बसचा नंबर सांगते आहे असं वाटतं.

तिच्याबद्दल लिहायलाच हवं. सुरुवातीला ती फक्त हिशेब आणि फोटो बघायची. सातारच्या घरी रोज अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढून तिचा डोळा तयार झालेला, एक ठिपका चुकला तरी तिला लांबून कळतं. एकदा मी १८९५ च्या पेन्यांचा एक लॉट बघून बाजूला सारला होता. ती फोटो काढता काढता म्हणाली, "अहो, हिचा त्रिशूळ लांब उभाय." मी भिंग घेतलं. त्या वर्षी राणीचा नवा मुखवटा आला, डोक्यावर ओढणी घेतलेला. मागच्या बाजूच्या नेहमीच्या ठशात ब्रिटानियाचा त्रिशूळ आणि 'पेनी' शब्दातलं पहिलं अक्षर यांत सुमारे एक मिलिमीटर जागा असते. दुर्मीळ ठशात ती दोन असते. कॅलिपर लावला, दोन भरली. नाणं तसं झिजलेलं, कडेला टोचा बसलेला, तरी त्या एका पेनीने आमचं तीन महिन्यांचं भाडं निघालं. तेव्हापासून पहिली नजर तिची, मोजमाप माझं. १९०२ च्या पेनीत समुद्राची रेषा ब्रिटानियाच्या पायांची अढी पडते तिथे असेल तर ती साधी, त्याखाली असेल तर दुर्मीळ. इंग्रजीत तिला 'लो टाइड' म्हणतात, आमच्या घरात ती 'ओहोटीची पेनी'.

हे दुकान बर्मिंगहॅममध्येच असावं असा माझा हट्ट होता. राल्फ हीटन यांनी १८५० मध्ये इथल्याच सोहोच्या जुन्या टांकसाळीची यंत्रं लिलावात घेतली, १८६० मध्ये आइकनील्ड स्ट्रीटवर कारखाना उभारला. लंडनच्या रॉयल मिंट या सरकारी टांकसाळीला काम झेपेनासं झालं की पेन्या इथे पाडायच्या आणि सालाखाली बारीक 'एच' उठवायचा. १८७४ ते १८७६, पुढे १८८१ आणि १८८२, नंतर जॉर्ज पंचमच्या काळात १९१२, १९१८ आणि १९१९. मुंबईच्या टांकसाळीलाही पहिली यंत्रं सोहोहूनच गेली होती. फोर्टात त्या इमारतीवरून जाताना मला हे ठाऊक नव्हतं. हीटनची कंपनी २००३ मध्ये बंद झाली. टूलरूम बंद होते तेव्हा तिथल्या माणसांच्या हातातलं काय काय संपतं ते मी पाहिलंय, म्हणून ती 'एच' असलेली पेनी माझ्यासाठी नुसता माल नाही.

त्याच 'एच'ने आम्हाला सगळ्यात मोठा धडा दिला. १८८२ मध्ये रॉयल मिंट यंत्रं बदलण्यासाठी बंद होती, पेन्या हीटनने पाडल्या. 'एच' नसलेली १८८२ ची पेनी म्हणूनच फार दुर्मीळ. एका मेळ्यात मला तशी मिळाली, चांगले पैसे मोजून घेतली, आणि त्याहून चांगल्या पैशात विकली. महिन्याभराने गिऱ्हाइकाचं पत्र आलं, जरा पुन्हा बघाल का? दिवा अगदी टेबलाला टेकवून तिरपा प्रकाश सोडला. सालाखाली 'एच'च्या डाव्या काडीची सावली होती. ठशात मळी बसून अक्षर बुजलं होतं, वर झीज. छाप्याच्या आणि काट्याच्या ठशांची जोडी तपासली असती तर विकण्याआधीच कळलं असतं, ती मी घाईत तपासली नव्हती. सगळे पैसे परत केले. ते नाणं आजही पहिल्या ट्रेमध्ये आहे, शिकायला येणाऱ्याला मी तेच आधी दाखवतो.

तेव्हापासून खोलीत काही गोष्टी ठरून गेल्या. नसलेल्या अक्षरावर भरवसा ठेवायचा नाही, असलेल्या खुणेवर ठेवायचा. ठशातला फरक दुसऱ्या नाण्यावरही तसाच दिसला पाहिजे. एकाच नाण्यावर दिसला तर तो ओरखडा, झीज किंवा कुणाची कानस. वजन आधी, भिंग नंतर. आणि साफसफाई नाही. हे आपल्या लोकांना सांगताना मला फार कळकळीने बोलावं लागतं, कारण तांब्याची वस्तू दिसली की आपला हात चिंचेकडे जातो. लेस्टरहून एक काका जुन्या पेन्या घेऊन आले होते, सगळ्या देवघरातल्या तांब्यासारख्या लख्ख. त्यांत १८७५ ची 'एच'वाली होती, फार कमी दिसणारी. चिंच-मिठाने तिची शंभर वर्षांची तपकिरी कांती गेली होती, आणि किंमतही. काकांना ते सांगताना मला वाईट वाटलं. त्यांनी घरच्या आठवणीने, प्रेमानेच घासली होती.

आता कामाचा मोठा भाग टपालाने येतो. दहातल्या नऊ डब्यांत काहीच निघत नाही, तरी प्रत्येक नाणं छाप्याने आणि काट्याने पाहिल्याशिवाय डबा परत जात नाही. काही गोष्टींची वाट अजून बघतोय. १८६३ च्या अगदी थोड्या पेन्यांवर सालाखाली ठशाचा बारीक क्रमांक आहे, तशी आमच्या टेबलावर अजून आलेली नाही.

काल डडलीहून एक पाकीट आलं. १९२६ च्या अकरा पेन्या. त्या वर्षी राजाचा मुखवटा बदलला. बदललेल्या ठशात शिल्पकार मॅकेनल यांची मानेखालची आद्याक्षरं मागच्या बाजूला सरकलेली असतात आणि त्यांत टिंबं नसतात. तशी पेनी क्वचित हाती लागते. दहा बघून झाल्या, दहाही साध्या. अकराव्या पेनीच्या मानेवर नेमका तिथेच काळा डाग आहे. बायकोने ती दिव्याखाली धरली आहे आणि मी ॲसिटोनची बाटली काढतोय, त्याने चिकट मळ सुटतो, धातूला काही होत नाही.